ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्यावी की टायरवर पैसे घालावेत? (डिसेंबरात ठाणे ते मनाली, सहकुटुंब)

कासारवडवलीकर
४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. घरात पंधरा दिवस एकच विषय चालू आहे, तो इथे आणून टाकते, म्हणजे मला तरी झोप लागेल.

आमची २०१५ ची हॅचबॅक आता काढायची आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा. सासूबाईंचे गुडघे बघता जरा उंच गाडी हवी, इथपर्यंत एकमत आहे. पुढे नवरा म्हणतो, घ्यायची तर ऑल-व्हील-ड्राइव्हच, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी. शोरूममधून दोन कोटेशनं आणली आहेत. गाडी तीच, फरक दीड लाखाच्या आसपास.

त्याची कारणं दोन. नाताळच्या सुट्टीत घरची गाडी घेऊन मनाली, आणि जमलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू. मुलांनी बर्फ पाहिलेला नाही. दुसरं म्हणजे माझं माहेर ओतूर. वर्षातून सात-आठ वेळा माळशेज उतरतो-चढतो आणि पावसाळ्यात शेतातल्या घराकडे जाणारा शेवटचा अर्धा किलोमीटर निव्वळ चिखल असतो.

ऑफिसातला एकजण म्हणाला, चार चाकं फिरली काय नि दोन फिरली काय, बर्फात खरं काम टायरचं. तसं असेल तर दीड लाख वाचवून चांगले टायर घालावेत का? ते 'विंटर टायर' म्हणतात ते ठाण्यात मिळतात का? मी रोज घोडबंदर रोडने माजिवडा आणि पुढे मुलुंड करते. तिथे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो, हेही लक्षात घ्या.

गाडीवान
४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त बाजू उलट आहेत.

खारघरी
५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. माझ्याकडे तीन वर्षं ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे. गेल्या जानेवारीत मनालीला घेऊन गेलो होतो. सोलंगच्या अलीकडच्या चढावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जागच्या जागी चाकं गरागरा फिरवत उभ्या होत्या, लोक उतरून ढकलत होते. मी मोड 'स्नो'वर टाकला आणि आरामात वर गेलो. शिवाय बर्फ पडला की तिथले पोलीस फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, आणि फारच पडला तर कोणालाच नाही. म्हणजे साध्या गाडीने तुम्ही बोगद्यापर्यंत पोचणारच नाही. दीड लाख म्हणजे काही फार नाही, सुरक्षा महत्त्वाची.

निवृत्त_मास्तर
५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

खारघरी, वर गेलात ते वाचलं. खाली कसे आलात ते लिहिलं नाहीत.

३१ वर्षं नौपाड्यात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीने फळ्यावर मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण हिशोब कोणालाही करून बघता येईल.

गाडी ताशी ४० किमीने चालली आहे आणि ब्रेक दाबला. घर्षणांक, म्हणजे पकड मोजणारा आकडा, कोरड्या डांबरावर ०.७ धरा, ओल्यावर ०.४५, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या टायरला ०.२, त्याच बर्फावर विंटर टायरला ०.३, आणि पाणी गोठून काचेसारखा झालेला थर असेल तर ०.१. मग थांबायला लागणारं अंतर अनुक्रमे सुमारे ९, १४, ३१, २१ आणि ६३ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे ११ मीटर वेगळे. या गणितात किती चाकांना इंजिन जोडलंय ही राशी कुठेच येत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, आमच्या जुन्या गाडीलाही होते.

आता चढ. सपाटीवर उभ्या असलेल्या पुढच्या चाकांच्या गाडीचं साधारण ५५ टक्के वजन पुढे असतं. साध्या टायरवर, घट्ट बर्फात, ती १० मीटरला एक-सव्वा मीटरचा चढ कशीबशी चढेल. विंटर टायर घातले तर दीड मीटरच्या जरा वर. ऑल-व्हील-ड्राइव्ह साध्याच टायरवर २ मीटरचा चढ चढेल. म्हणजे चढण्यात खारघरींची गाडी विंटर टायरवाल्यालाही मागे टाकते, हे मान्य.

पण तोच रस्ता परत उतरायचा आहे. १० मीटरला १ मीटर उतार, साधे टायर, घट्ट बर्फ, ४० चा वेग: थांबायला ६३ मीटर. आणि उतारावर काचेचा थर असेल तर उत्तर 'थांबत नाही' असं येतं. घर्षण जेवढं मागे ओढतं तेवढाच उतार पुढे ओढतो. जी गाडी तुम्हाला अशा जागी सहज नेऊन ठेवते, ती तिथून सहज आणते असं नाही.

गाडीवान
५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मास्तर, एक शंका. चढावर वजन मागे सरकतं, त्यात मागे सासूबाई, दोन मुलं आणि डिकीत पाच बॅगा. पुढे ५५ टक्के कुठले राहणार?

निवृत्त_मास्तर
५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

शाब्बास. नाही राहणार. ५० च्याही खाली येईल. म्हणजे चढण्यात पुढच्या चाकांच्या गाडीची अवस्था मी लिहिली त्याहून वाईट. उताराचं गणित मात्र तसंच राहतं.

खारघरी
५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४८

खाली येताना एका वळणावर गाडी सरकली होती, हो. कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली म्हणून थांबली, काही झालं नाही. पण इंजिन ब्रेकिंग चारही चाकांना मिळतं, हा फायदा मास्तरांनी धरलेला नाही.

निवृत्त_मास्तर
५ नोव्हेंबर, संध्याकाळी ८:१०

तो खरा फायदा आहे, आणि तुम्ही ढिगाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीत याचे जादा गुण. खालच्या गिअरमध्ये उतरताना ओढ चार चाकांत वाटली जाते, त्यामुळे दोनच चाकं घसरायला लागण्याची भीती कमी होते. एकूण पकड मात्र वाढत नाही, फक्त वाटणी सुधारते.

मॉन्ट्रियलस्थित
६ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

मूळचा कळव्याचा, अकरा वर्षं इकडे. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, मग इंजिन दोन चाकांना जोडलेलं असो की चार. कायद्यात ड्राइव्हचा उल्लेख नाही, टायरचा आहे, यातच काय ते आलं.

मी शेजारच्या प्रांतातून इकडे आलो तेव्हाची गोष्ट. तिकडे सक्ती नव्हती. ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि कंपनीने दिलेले ऑल-सीझन टायर. दोन महिने इतका खूश होतो की सिग्नल सुटला की सगळ्यांच्या आधी मी पुढे. मग एका सकाळी स्टॉपच्या पाटीला ब्रेक दाबला आणि गाडी पाटी ओलांडून, चौक ओलांडून, समोरच्याच्या फाटकाजवळ शांतपणे जाऊन थांबली. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली टर्रर्र करत होतं, बायको शेजारी काही बोलली नाही, ते जास्त लागलं. चौकात दुसरी गाडी नव्हती म्हणून आज हे लिहितोय. खरी गंमत ही की गाडी सुटताना छान पकडते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. दोनच चाकांना इंजिन जोडलेली गाडी निदान निघताना चाकं फिरवून सांगते तरी.

आता पुढच्या चाकांची साधी सेडान आहे आणि विंटर टायरचा वेगळा संच, वेगळ्या रिमवर. नोव्हेंबरात चढवायचा, एप्रिलात उतरवायचा. उरलेले चार तळघरात.

विंटर टायरचं रबरच वेगळं असतं. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, हे मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ओळखायची खूण म्हणजे टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. नुसतं 'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो, बर्फावर चाचणी झालेली असेलच असं नाही.

हायडेलबर्गी
६ नोव्हेंबर, दुपारी २:०२

आमच्याकडे म्हण आहे, 'ओ ते ओ'. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. तेवढे महिने हिवाळी टायर. आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत नुसत्या 'एम प्लस एस'ला हिवाळी टायर मानत नाहीत, डोंगर-हिमकणाची खूणच लागते.

तुर्भे_टायरवाला
६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताई, वीस वर्षं हाच धंदा. विंटर टायर आमच्याकडे स्टॉकला नसतात. ठाण्यात चार दुकानांत विचाराल तर चारही जण तोंडाकडे बघतील. ऑर्डरवर मागवले तरी साइझ मिळेलच असं नाही. आणि मिळाले तरी घेऊ नका. ठाण्यात जानेवारीत पहाटे १५-१६ अंश, दुपारी ३० च्या वर. ते मऊ रबर डांबरावर खोडरबरासारखं झिजणार, आणि गरम रस्त्यावर ब्रेकही लांब जाणार. मनालीपर्यंत साधारण १९०० किलोमीटर, त्यातले बर्फाचे किती? पन्नास? पन्नासासाठी बाकीचे अठराशे पन्नास, आणि तेवढेच परत, त्या रबरावर काढायचे का?

बर्फासाठी तुमच्या कामाची वस्तू म्हणजे साखळ्या. मनालीत भाड्याने मिळतात, लावून देणारी पोरंही असतात. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढच्या चाकांना. ऑल-व्हीलला कुठे लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघा, काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनमध्ये जागाच नसते. साखळीवर ४० च्या वर जायचं नाही आणि डांबर लागलं की काढायची. दोनच चाकांना साखळी असली की उतरताना उघड्या चाकांची बाजू फिरू शकते, तेव्हा हळू.

आता खरं विचारायचं ते विचारतो. सध्याच्या गाडीचे टायर किती साली घेतले? बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बघून सांगा.

खारेगावचे_काका
७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

१९८४ साली प्रीमियर पद्मिनी घेऊन कुलू-मनाली केलं. ढकल मागच्या चाकांना, टायर रिमोल्ड, साखळी कसली माहीत नाही. काही झालं नाही.

गाडीवान
७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

काका, कोणत्या महिन्यात?

खारेगावचे_काका
७ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मे.

कासारवडवलीकर
७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

काका, मनापासून हसले.

आकडे बघितले. पुढचे दोन ३११८, मागचे दोन ३०१८. नक्षी दिसतेय अजून. नवरा म्हणतो 'आहेत की चांगले'. मास्तरांचं गणित त्याला दाखवलं. म्हणाला, आपण बर्फात ४० ने कशाला जाऊ. आणि माळशेजबद्दल कोणीच बोललं नाही.

तुर्भे_टायरवाला
७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ताई, पुढच्या पावसाळ्यात या टायरवर माळशेज नको. नक्षी दिसली तरी इतक्या वर्षांत रबर कडक होतं, नखाने दाबून बघा. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरते, खाचेत ती उंचवट्याची खूण असते. पण पावसात मी ३ मिलिमीटरला बदला म्हणतो. खाच उथळ झाली की पाणी बाजूला ढकलायला वाट राहत नाही. शिवाय घोडबंदरच्या खड्ड्यांनी बाजूला फुगा आलाय का तेही बघा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर घेऊन हायवेला एक दिवससुद्धा जायचं नाही.

दोनच बदलणार असाल तर नवे मागे घाला.

खारघरी
८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मागे? इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, नवे टायर पुढेच हवेत ना. आमच्याकडचा पंक्चरवाला तर नेहमी पुढेच घालतो.

तुर्भे_टायरवाला
८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

पंक्चरवाला पुढे घालतो कारण गिऱ्हाईक मागतं. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय काढता, ती परत धरते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सरळ करणं तुमच्या-माझ्या हातातलं काम नाही. मागे नवे.

(यानंतरचे घोडबंदर रोड, गायमुख घाट आणि खड्डे कोणाच्या अखत्यारीत येतात यावरचे १९ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

निवृत्त_मास्तर
८ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

माळशेजचं विचारलंत म्हणून. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो तो वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. नासाने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून काढलेलं सूत्र आहे: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. ३३ पीएसआयला सुमारे ९६ किमी, हवा कमी होऊन २४ वर आली तर ८२. टायर गोटा झालेला असेल आणि पाणी भरपूर असेल तर हा हिशोब लागू पडतो. चांगली नक्षी असली की तो वेग वर सरकतो. तरंगायला लागल्यावर चारही चाकं इंजिनाला जोडलेली असली तरी ती पाण्यालाच जोडलेली असतात.

त्यामुळे माळशेजला ऑल-व्हील नव्हे, टायर आणि हवा. हवा भरायला फुकट मिळते.

कासारवडवलीकरांचा_नवरा
९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आजच सदस्य झालो, कारण माझ्याबद्दल इथे बरंच लिहिलं जातंय. टायरचं पटलं. पण ओतूरचा चिखल? दोन वर्षांपूर्वी गाडी अशी रुतली की मेव्हण्याने ट्रॅक्टर आणला आणि अख्ख्या आळीने बघितलं. तिथे ऑल-व्हील लागते की नाही, कोणी सांगेल का?

खारघरी
९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

लागते! या एका मुद्द्यावर मी मास्तरांनाही हलू देणार नाही. निघायचं असतं तिथे, थांबायचं नसतं. फक्त एक सांगतो, थार-जिम्नीसारखा जुन्या पद्धतीचा फोर-बाय-फोर घेतलात तर तो कोरड्या डांबरावर लावून ठेवायचा नाही. त्यात पुढच्या-मागच्या चाकांना वळताना वेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, सगळा ताण गिअरवर येतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह स्वतः जोडते-सोडते.

निवृत्त_मास्तर
९ नोव्हेंबर, रात्री ११:००

हलत नाही. चिखलात चार चाकं दोनापेक्षा चांगली. आता हिशोब असा: वर्षातले चिखलाचे किती दिवस आणि तो अर्धा किलोमीटर चालत जायला किती मिनिटं.

कासारवडवलीकर
९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

वर्षातले तीन दिवस. चालत आठ मिनिटं. गाडी वडाच्या पारापाशी लावायची. सासूबाईंना मोटरसायकलवर मेव्हणा नेतो, त्यांना ते आवडतं.

मॉन्ट्रियलस्थित
१० नोव्हेंबर, पहाटे ६:००

गाडीने मनालीला गेलातच तर टायर-ड्राइव्ह सोडून आणखी काही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टॉप-अप केलेलं असेल तर ते काढून नीट कूलंट भरून घ्या, गोठलं तर इंजिनाचं नुकसान. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही गोठतं. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, जाम होतो. सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. डिझेल असेल तर खालच्या गावातल्या टाकीवर विसंबू नका, वर गेल्यावर तिथलं भरा, थंडीत डिझेल दाट होतं. आणि सकाळी दहापर्यंत निघू नका. सावलीतल्या वळणांवर तो काचेचा थर असतो, ओलं डांबर वाटतं आणि नसतं.

निवृत्त_मास्तर
१० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मामुली भर: ठाण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलंत आणि उणे ५ ला तीन हजार मीटरवर गेलात तर थंडीने दाब उतरतो, पण बाहेरची हवाही विरळ असते, त्यामुळे मीटर साधारण ३२ दाखवेल. मला हे गणित करताना फार आनंद झाला, उपयोग काही नाही.

कासारवडवलीकर
३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढते, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून 'मग काय ठरलं' विचारलं.

पुढच्या चाकांची गाडी बुक केली. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), सहा एअरबॅग असलेलं मॉडेल, ताबा जानेवारीत. म्हणजे मनालीला ती तशीही नसतीच, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. विमानाने चंदीगड, तिथून तिथलीच गाडी आणि तिथलाच चालक. सोलंगच्या पुढे पोलीस सोडतील तर स्थानिक फोर-बाय-फोर टॅक्सी, नाहीतर मुलं सोलंगलाच लोळतील. नवऱ्याला वाईट वाटलं, त्याने दोन दिवस कोटेशनचे कागद फ्रिजवर लावून ठेवले होते. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगद्याच्या मध्ये शेकडो गाड्या अडकल्या होत्या त्या बातम्या मग त्यानेच शोधून वाचल्या, आणि कागद काढले.

जुनी हॅचबॅक भावाला ओतूरला देतोय. नवरा म्हणाला, देऊन टाकायच्या गाडीला कशाला नवे टायर? मी चारही घातले, भाऊ त्याच घाटातून येतो-जातो. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून २१ हजार झाले. दुकानात त्या मुलाने डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली. ०९१५. नव्या टायरला असतात ते रबराचे केस अजून तसेच, आणि हवा ११. दहा वर्षं आम्ही ती प्रत्येक घाटात भरवशाने नेत होतो.

तुर्भे_टायरवाला
३० नोव्हेंबर, रात्री ९:५५

स्टेपनी दर दुसऱ्या महिन्याला दाबून बघायची ताई. त्या जुन्या टायरांना चढवू नका, पण फेकूही नका. गावाला झोपाळा होतो.

कासारवडवलीकर
३० नोव्हेंबर, रात्री १०:०२

चार दिवसांपूर्वीच बांधला. पारावरच्या वडाला.